चोवीस मुलांची शाळा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मंडळाचा इतिहास असतोच. पहिला गणपती कुणाच्या गॅरेजमध्ये बसला, पहिल्या नाटकाचा पडदा कुणी शिवला, हे जुन्या सभासदांना पाठ झालंय आणि नव्यांना ते दर अंकात वाचावं लागतं. म्हणून यंदा शेजारच्या काही संस्थांचा इतिहासही छापावा असं संपादकांनी ठरवलं. माझ्या वाट्याला आली ती संस्था अशी, की जिच्या दारावरून आपल्यातले अर्धे लोक रोज गाडी काढतात आणि जिचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

स्टॅनफर्ड मेडिकल यूथ सायन्स प्रोग्रॅम. नाव लांबलचक, पसारा अगदी छोटा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब घरांतली हायस्कूलची चोवीस मुलं पाच आठवडे विद्यापीठात राहायला यायची, हॉस्पिटलात आणि प्रयोगशाळेत वावरायची आणि घरी परत जायची. फी नव्हती, राहण्याजेवण्याचा खर्च नव्हता. १९८८ च्या उन्हाळ्यात पहिली तुकडी आली. संस्थेच्या इतिहासात एरवी जो मजकूर असतो, म्हणजे कोनशिला, इमारत निधी, रौप्यमहोत्सवी सभागृह, त्यातलं इथं काहीच नाही. विद्यापीठाच्याच खोल्या, विद्यापीठाचेच शिक्षक, आणि चालवणारी बरीचशी मंडळी स्वतः विशीतली.

आधी जागा समजून घ्यायला हवी. स्टॅनफर्डकडून युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूनं सरळ पूर्वेला निघालं, की पालो अल्टोची दुकानं लागतात, मग मोठमोठे वृक्ष आणि त्यांच्याआड मोठमोठी घरं. १०१ चा हायवे ओलांडला की ईस्ट पालो अल्टो. आज तिथं काचेची कार्यालयं आणि फर्निचरचं अवाढव्य दुकान दिसतं, पण ऐंशीच्या दशकात चित्र वेगळं होतं. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची, जोडीला मेक्सिकोतून आणि पॅसिफिकच्या बेटांवरून आलेली कुटुंबं. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती १९८३ मध्ये. गावातलं एकमेव सरकारी हायस्कूल, रेव्हन्सवुड, १९७६ मध्येच बंद पडलेलं. मुलं बसनं दुसऱ्या गावांतल्या शाळांत जायची. १९९२ मध्ये जेमतेम चोवीस हजार वस्तीच्या या गावात ४२ खून झाले आणि लोकसंख्येच्या मानानं सर्वाधिक खुनांचं शहर म्हणून त्याचं नाव देशभर झालं. जगातल्या उत्तम वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक तिथून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर होतं. या अंतराची लाज विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना वाटली, एवढं समजलं तरी पुढचा इतिहास कळतो.

देशपातळीवरही तेव्हा हाच विषय गाजत होता. अमेरिकेत कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूलनिवासी डॉक्टर लोकसंख्येच्या मानानं फार कमी, आणि ही कमतरता आपोआप झालेली नाही. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानं वैद्यकीय शिक्षणाला शिस्त लावली असं आपण वाचतो, ते खरंच आहे. पण त्या वेळी कृष्णवर्णीयांची जी सात वैद्यकीय महाविद्यालयं चालू होती, त्यांतली पाच पुढच्या काही वर्षांत बंद पडली. उरली वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि नॅशव्हिलचं मेहारी. पुढची कित्येक दशकं कृष्णवर्णीय मुलाला डॉक्टर व्हायचं तर मुख्यतः हीच दोन दारं. १९९१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या महासंघानं संकल्प सोडला, की २००० सालापर्यंत या समाजांतले ३००० विद्यार्थी दरवर्षी मेडिकलला यावेत. हर्बर्ट निकन्स हे त्या कामाचे धुरीण. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आकडा दोन हजारांच्या घरात गेला आणि तिथंच अडकला. संकल्प पुरा झाला नाही. पण त्या खटाटोपातून एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली, की मेडिकलच्या दारात उभं राहून मुलांची वाट पाहण्यात अर्थ नाही. मुलं त्याच्या फार आधी गळतात.

भारतातल्या वाचकांसाठी इथं एक खुलासा. आपल्याकडे बारावी झाली, नीट दिली, की अठराव्या वर्षी मुलगा थेट एमबीबीएसला. इथं हायस्कूलनंतर आधी चार वर्षांची पदवी, तीत रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, मग प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल, मग किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर मुक्काम बारा-तेरा वर्षं लांब. एवढा लांबचा पल्ला गाठायचा तर वाटेत ‘हे जमतं गं, आमच्याकडे दोघांनी केलंय’ असं म्हणणारं कुणीतरी घरात लागतं. आपल्या घरांत ते असतंच. कुणाचा मावसभाऊ भूलतज्ज्ञ, कुणाची आत्या लातूरला बालरोगतज्ज्ञ, नाहीतर शेजारचे काका तरी. या मुलांकडे नेमकं तेच नव्हतं.

संस्थेचे मूळ पुरुष दोन: मार्क लॉरेन्स आणि मायकेल मॅकॅला. दोघंही स्टॅनफर्डमध्ये पदवीचे विद्यार्थी, पुढे मेडिकलला जाण्याच्या तयारीतले. १९८७ मध्ये त्यांनी या उपक्रमाची आखणी केली. ‘मूळ पुरुष’ म्हणताना थोडं हसू येतं, कारण ज्यांना मार्ग दाखवायचा त्यांच्यापेक्षा हे दोघं चार-पाच वर्षांनीच मोठे. पण मला वाटतं, संस्थेचं सगळं वळण यातच ठरून गेलं. प्राध्यापकांनी सुरू केली असती तर ती व्याख्यानमाला झाली असती. विद्यार्थ्यांनी सुरू केली म्हणून ती राहण्याची जागा झाली.

विद्यार्थी येतात आणि जातात. महाविद्यालयीन मुलांनी उत्साहात काढलेल्या किती संस्था त्यांच्या पदवीदान समारंभाबरोबर आटोपतात, ते आपल्याला कॉलेजच्या दिवसांपासून माहीत आहे. ही टिकली याचं श्रेय मॅरिलिन विंकलबी यांना. स्टॅनफर्डच्या रोगप्रतिबंधक संशोधन केंद्रातल्या या साथरोगशास्त्रज्ञ. त्या उपक्रमाच्या प्राध्यापक-प्रमुख झाल्या आणि दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी तो धरून ठेवला.

विंकलबी यात का पडल्या, याचं उत्तर त्यांच्या संशोधनातही सापडतं. स्टॅनफर्डनं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हृदयविकार प्रतिबंधासाठी कॅलिफोर्नियातली पाच शहरं निवडून एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. माँटेरी आणि सॅलिनास या दोन शहरांत लोकांना आहार, व्यायाम, धूम्रपान यांबद्दल वर्षानुवर्षं माहिती द्यायची आणि बाकीच्या शहरांशी तुलना करायची, असा बेत. त्यातल्या माहितीवर विंकलबी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक निबंध छापला. प्रश्न साधा होता: माणसाची मिळकत, त्याचा हुद्दा आणि त्याचं शिक्षण, या तिन्हींपैकी हृदयविकाराच्या धोक्याशी सर्वांत घट्ट नातं कशाचं? उत्तर आलं, शिक्षणाचं. शिक्षण जितकं जास्त, तितका धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा धोका कमी. आणि ही गोष्ट मिळकत आणि हुद्दा जमेस धरूनही उरत होती. ज्या बाईंनी हे आकडे स्वतः मांडले, त्यांनी आपले उन्हाळे गरिबांच्या मुलांना कॉलेजात पोचवण्यात घालवावेत, यात मला समाजसेवेपेक्षा सुसंगती जास्त दिसते.

आता प्रत्यक्ष पाच आठवड्यांकडे. जी घडी सांगतो ती पहिल्या वीस वर्षांत बसलेली. उत्तर आणि मध्य कॅलिफोर्नियातल्या वीसहून अधिक काउंट्यांमधून अर्ज येत. अट पहिली म्हणजे घरची मिळकत कमी. बरीच मुलं अशी, की घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही. शेतमजुरांची मुलं, साफसफाई करणाऱ्यांची मुलं, नुकत्याच आलेल्या निर्वासितांची मुलं. ज्या मुलांनी आयुष्यात एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही, त्यांना, विशेषतः मुलींना, पाच आठवडे पाठवायला आईवडील तयार होणं ही पहिली परीक्षा. दुसरी अशी, की या घरांत उन्हाळा म्हणजे मुलांच्या कमाईचे दिवस. ते सोडून यायचं.

चोवीस मुलांमागे स्टॅनफर्डचे दहा विद्यार्थी. ते मुलांबरोबरच राहत, जेवत, रात्री गप्पा मारत. मला हे प्रमाण सगळ्या अभ्यासक्रमापेक्षा महत्त्वाचं वाटतं. प्राध्यापकाला न विचारता येणारे प्रश्न रात्री अकरा वाजता ताईदादांना विचारता येतात: तुझी शिष्यवृत्ती कशी मिळाली, पहिल्या सत्रात किती मार्क पडले, घरी पैसे पाठवतोस का, आई रडली होती का.

दिवसा व्याख्यानं असत, पण मुलांच्या लक्षात राहणारी जागा म्हणजे शरीररचनेची प्रयोगशाळा. अमेरिकेत मेडिकलचा विद्यार्थी साधारण बाविसाव्या वर्षानंतर देहदानातून आलेल्या शरीरासमोर उभा राहतो. ही मुलं सोळा-सतराव्या वर्षी उभी राहत. तिथला वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको. तो हातमोज्यांतून, केसांतून, जेवणाच्या ताटापर्यंत येतो. थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी हृदय हातात घेतं. ते मुठीएवढं असतं, तीनशे ग्रॅमच्या आसपास, चित्रातल्यापेक्षा बरंच फिक्कं. म्हाताऱ्या शरीरातली मोठी रक्तवाहिनी बोटांत धरून दाबली तर चुना साठलेली भिंत कुरकुरते. ज्या घरात बापाला मधुमेह आहे आणि मामाला चाळिशीत झटका आलाय, त्या घरातल्या मुलीनं ही भिंत बोटानं दाबणं आणि पुस्तकात तिचा आडवा छेद पाहणं, यात फरक आहे.

दुसरा भाग हॉस्पिटलातला. प्रत्येक मुलाला एखाद्या विभागाशी जोडून देत. इथं संस्थेनं एक शहाणपणाची गोष्ट केली. फक्त डॉक्टर दाखवला नाही. हॉस्पिटल चालतं ते रेस्पिरेटरी थेरपिस्ट, एक्स-रे तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, परिचारिका यांच्या जिवावर, आणि यांतल्या बऱ्याच कामांची नावंही या मुलांनी ऐकलेली नसतात. आपल्या घरांत तरी कुठं असतात? ‘मेडिकल’ म्हणजे डॉक्टर, फार तर डेंटिस्ट. बाकी सगळं ‘मार्क कमी पडले वाटतं’. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या कितीतरी मुलांनी लहानपणापासून आईबरोबर दवाखान्यात जाऊन दुभाष्याचं काम केलेलं असतं, नको त्या वयात नको ती माहिती डॉक्टरच्या तोंडून ऐकून आईला सांगितलेली असते. त्याच कामासाठी इथल्या हॉस्पिटलांत पगारी, प्रशिक्षित माणसं नेमलेली असतात हे त्यांना इथं दिसतं.

तिसरा भाग सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाचा. मुलांनी गटागटानं आरोग्यातल्या विषमतेचा एखादा प्रश्न घ्यायचा, आकडे शोधायचे, निष्कर्ष सगळ्यांपुढे उभं राहून मांडायचे. इथं विंकलबींचा हात स्पष्ट दिसतो. रोग माणसाला होतो, पण तो कोणत्या माणसाला होईल हे बऱ्याचदा त्याच्या पत्त्यावर ठरतं, हे मुलांनी स्वतःच्या पत्त्यावरून शिकायचं.

उरलेला वेळ कंटाळवाण्या पण निर्णायक कामांचा: कॉलेजचे अर्ज, निबंध, प्रवेश परीक्षेचा सराव, सरकारी आर्थिक मदतीचे फॉर्म. आपल्याकडे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत ज्यानं खेटे घातलेत, त्याला या फॉर्मची जात कळेल. आईवडिलांच्या कराचे कागद लागतात. ते नसतील, अपुरे असतील, किंवा ते दाखवायची भीती वाटत असेल, तर हुशार मुलगाही तिथंच अडतो. आणि पाच आठवडे संपले म्हणून संबंध संपत नसे. कॉलेज निवडताना, तिथं अडखळल्यावर, पुढे मेडिकलचा अर्ज भरताना मुलं परत सल्ल्याला येत.

म्हणूनच संस्थेला आपला हिशेब देता आला. २००७ मध्ये विंकलबींनी ‘ॲकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात अठरा वर्षांचा ताळेबंद मांडला. १९८८ पासून ४०५ मुलांनी पाच आठवडे पुरे केलेले. त्यांतल्या ९६ टक्के मुलांचा ठावठिकाणा संस्थेकडे होता. वयानं पात्र असलेली सगळीच्या सगळी हायस्कूल पास झालेली, ९९ टक्क्यांना कॉलेजात प्रवेश मिळालेला. कॉलेजात जाऊन बाहेर पडलेल्यांपैकी ८१ टक्क्यांनी चार वर्षांची पदवी घेतलेली. या पदवीधरांपैकी ५२ टक्के मेडिकल किंवा पदव्युत्तर शिक्षणात शिरलेले वा ते संपवलेले, आणि ४४ टक्क्यांहून थोडे जास्त आरोग्यक्षेत्रातले व्यावसायिक झालेले किंवा होऊ घातलेले.

मला यांतला ९६ चा आकडा सर्वांत भारी वाटतो. भाड्याच्या घरांतून वर्षा-दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबांतली मुलं, बराचसा काळ मोबाइल आणि फेसबुकच्या आधीचा, आणि अठरा वर्षांनी शंभरातल्या शहाण्णव जणांचा पत्ता संस्थेकडे. आपल्या मंडळाच्या यादीतले निम्मे ईमेल परत येतात.

अर्थात आकड्यांकडे डोळे मिटून पाहू नये. अर्ज करणारी, निवड होणारी मुलं मुळातच जिद्दीची. ती कदाचित या उपक्रमाशिवायही कॉलेजात गेली असती, ही शंका कुणीही घेईल. संस्थेनं ती स्वतःच घेतली. पुढे त्यांनी निवडलेल्या मुलांची, अर्ज करूनही निवड न झालेल्या मुलांशी तुलना करणारा अभ्यास आखला आणि त्याची पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतःच्या कौतुकाला स्वतःच कात्री लावून बघणाऱ्या संस्था मी फार पाहिलेल्या नाहीत.

दुसरी मर्यादा अशी, की आवड निर्माण केली म्हणून ती टिकत नाही. याचा पुरावाही स्टॅनफर्डमधूनच आला. तिथले डोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी मेडिकलला जाण्याच्या इराद्यानं स्टॅनफर्डला आलेल्या ३६२ नव्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. अभ्यास २००८ मध्ये छापला गेला. अल्पसंख्य समाजांतल्या मुलांचा इरादा पहिल्या दोन वर्षांतच इतरांपेक्षा जास्त ढासळत होता, आणि कारण विचारलं तर मुख्यतः एकच यायचं: रसायनशास्त्राचे सुरुवातीचे वर्ग. म्हणजे एका बाजूला विद्यापीठ उन्हाळ्यात मुलांना हृदय हातात देतंय, आणि दुसऱ्या बाजूला त्याच विद्यापीठाचा सप्टेंबरमधला रसायनाचा वर्ग तशाच मुलांना सांगतोय की हे तुझं काम नव्हे. पाच आठवड्यांच्या संस्थेला यावर काही करता येणं अवघड. पण संस्थेचा इतिहास लिहिताना हे झाकून ठेवणं बरं नाही.

आणि चोवीसच का? अठरा उन्हाळ्यांत ४०५, म्हणजे वर्षाला सरासरी साडेबावीस मुलं. कॅलिफोर्नियाच्या हायस्कुलांत लाखोंनी मुलं आहेत. संस्था वाढवा, शाखा काढा, असं आपल्यासारख्या समितीप्रिय माणसांच्या तोंडी लगेच येतं. पण दहा ताईदादांनी चोवीस जणांबरोबर राहायचं हाच जर गाभा, तर दोनशे चाळीस मुलं घेतल्यावर ते शिबिर होईल, ही शाळा राहणार नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं नव्या विद्यार्थ्यांना पहिले पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात ठेवायची प्रथा पाळली, तीही अशीच मोजक्या संख्येवर चालणारी. फरक एवढाच, की तिथं प्रवेश आधी मिळतो आणि ओळख नंतर होते.

वाढीची हौस मॅकॅलांनी वेगळ्या वाटेनं भागवली. १९९४ मध्ये त्यांनी ॲना रोवेना यांच्यासह पर्यावरणशास्त्राचा असाच उन्हाळी वर्ग स्टॅनफर्डमध्ये काढला. त्यातूनच पुढे २००४ च्या सुमारास ‘क्वेस्टब्रिज’ उभं राहिलं: गरीब घरातल्या हुशार मुलांची थेट नामांकित कॉलेजांशी गाठ घालून देणारी आणि चारही वर्षांचा खर्च मिळवून देणारी संस्था. आज पन्नासच्या वर कॉलेजं तिच्याशी जोडलेली आहेत. ती प्रचंड आहे, आणि तिचं काम बरंचसं अर्ज आणि जुळवणीचं आहे. एकाच मुळाच्या या दोन फांद्या. एक पसरली, एक जागच्या जागी राहिली.

कायद्याचं वारं मधल्या काळात दोनदा फिरलं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव क्रमांक २०९ मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांत वंशाचा विचार करून प्रवेश देणं बंद झालं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत निकाल देऊन खासगी विद्यापीठांनाही तेच लागू केलं. या उपक्रमाची पहिली अट सुरुवातीपासून घरची मिळकत ही होती. ती दूरदृष्टी होती की योगायोग, ठाऊक नाही. पण त्या अटीला या वाऱ्याचा धक्का सर्वांत कमी.

आपल्या मंडळातले पालक हे वाचून मला फोन करणार आणि विचारणार, ‘आमच्या ईशानला मिळेल का हो तिथं?’ नाही मिळणार. मिळकतीच्या अटीतच आपण बाहेर पडतो, आणि ईशानची आत्या सॅक्रामेंटोला रेडिऑलॉजिस्ट आहे. त्याच्यासाठी हजारो डॉलर फीची शिबिरं भरपूर आहेत, आणि त्यांच्या प्रमाणपत्रानं प्रवेश समित्या भारावून जातात असं मानायला मला तरी आधार सापडलेला नाही. पण ईशानच्या वर्गात सॅन होजेच्या पूर्व भागातून बसनं येणारी मुलगी असेल, किंवा आपल्या घरी दर शुक्रवारी साफसफाईला येणाऱ्या बाईंचा मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत असेल, तर उपक्रमाचं पूर्ण नाव एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या, आणि शाळेच्या कौन्सेलरकडे यंदाच्या उन्हाळ्याची चौकशी करायला सांगा.